काळ्या-पांढऱ्यातली भीती (भाग ६) : ज्याला कोणी वेडा म्हणणार नाही

गेल्या भागात आपण 'मॅड लव्ह'मधला डॉ. गोगोल पाहिला. खुनी सुरीफेक्याचे हात पियानोवादकाला बसवणारा, प्रेमापायी भान हरपलेला सर्जन. पीटर लॉरेचं गुळगुळीत डोकं आणि ते मोठाले डोळे पाहिले की या माणसाचं काही खरं नाही, हे प्रेक्षकाला पहिल्या भेटीतच कळतं. त्या १९३५ सालच्या चित्रपटानंतर पंचवीसएक वर्षांनी फ्रान्समध्ये दुसरा एक सर्जन पडद्यावर आला. सभ्य, विद्वान, समाजात मान असलेला. जॉर्ज फ्रांज्यूचा 'चेहऱ्याविना डोळे' (१९६०) हा त्याचा चित्रपट.

डॉ. जेनेसिए हे पॅरिसमधलं बडं नाव. त्वचारोपणावरच्या त्यांच्या व्याख्यानाला उच्चभ्रू मंडळी गर्दी करतात. त्यांच्या बेफाम गाडी चालवण्यामुळे झालेल्या अपघातात मुलीचा, क्रिस्तियानचा, चेहरा गेला आहे. डोळे तेवढे वाचले आहेत. जगाच्या लेखी ती मेली आहे, कारण नदीत सापडलेलं दुसऱ्याच मुलीचं प्रेत वडिलांनी आपल्या मुलीचं म्हणून ओळखलं आणि पुरलं. ती मुलगी त्यांच्याच फसलेल्या शस्त्रक्रियेचा बळी होती. तिचे वडीलही शवागारात येतात, तेव्हा जेनेसिए त्यांना ऐकवतात की तुम्हाला निदान आशा तरी आहे. अंगावर काटा आणणारं पहिलं दृश्य हेच. त्यात रक्ताचा थेंबही नाही.

पुढचं कथानक सरळ आहे. डॉक्टरांची सहायक लुईझ (आलिदा व्हाल्ली) पॅरिसमध्ये एकट्यादुकट्या तरुण मुली हेरते, गोड बोलून बंगल्यावर आणते. डॉक्टर त्यांचा चेहरा काढून मुलीला लावतात. लुईझच्या गळ्याला घट्ट बसलेल्या मोत्यांच्या पट्ट्याखाली शस्त्रक्रियेचा व्रण आहे. तिचा चेहरा याच डॉक्टरांनी पूर्ववत केला होता. तिचं पाप कृतज्ञतेतून आलेलं आहे, जेनेसिएंचं अपत्यप्रेमातून आणि अपराधभावातून.

चित्रपटाला हा स्वभाव कसा लाभला, याचं एक कारण फ्रांज्यू स्वतः सांगत असे. निर्मात्याला युरोपभर चालणारा चित्रपट हवा होता. त्यामुळे फ्रेंच सेन्सॉरसाठी फार रक्त नको, इंग्रजांसाठी प्राण्यांचे हाल नकोत आणि जर्मनांसाठी वेडा शास्त्रज्ञ नको, अशा अटी आल्या. नाझी डॉक्टरांवर न्यूरेंबर्गमध्ये चाललेला खटला १९४७ मध्ये संपला होता. ती जखम ओली होती. वेडाचा आधार काढून घेतल्यावर उरला तो शहाणा माणूस, आणि फ्रांज्यूने त्यालाच केंद्रस्थानी ठेवलं. पटकथेला बोआलो आणि नार्सजाक ही जोडी होती. हिचकॉकचा 'व्हर्टिगो' यांच्याच कादंबरीवरचा.

फ्रांज्यू मूळचा माहितीपटवाला. पॅरिसच्या कत्तलखान्यांवर त्याने १९४९ मध्ये 'जनावरांचं रक्त' हा छोटा माहितीपट केला होता. कसायाचं काम त्यात कुठलीही आरडाओरड न करता, कामासारखं दाखवलं आहे. तीच नजर इथल्या शस्त्रक्रियेवर आहे. बेशुद्ध मुलीच्या चेहऱ्याभोवती डॉक्टर रेघ आखतात. मग त्याच रेघेवरून स्कालपेल फिरतं. चिमटे लागतात. डॉक्टरांच्या कपाळावरचा घाम लुईझ टिपते. शेवटी चेहरा अलगद उचलला जातो. या सगळ्यात संगीत नाही, बोलणं जेमतेम कामापुरतं. अन्यत्र मोरिस जारने लुईझच्या शिकारीला जत्रेतल्यासारखं खेळकर वाल्ट्झ दिलं आहे. इथे मात्र कॅमेरा हलत नाही आणि आपली सुटका होत नाही.

छायाचित्रण ऑयगेन शुफ्टानचं. 'मेट्रोपोलिस'मध्ये आरशांच्या साहाय्याने प्रचंड शहर उभं करणारा हाच. एदित स्कोबच्या चेहऱ्यावर पांढरा, गुळगुळीत, भावशून्य मुखवटा आहे आणि हलतात ते फक्त डोळे. अभिनेत्रीकडून चेहरा काढून घेतल्यावर ती मान किती कलते, पावलं कशी पडतात यावरून सगळं सांगते. जिन्यावरून उतरणारी क्रिस्तियान आणि पिंजऱ्यातल्या कुत्र्यांना कुरवाळणारी क्रिस्तियान, ही दोन दृश्यं त्यासाठी पाहा. त्या घरात तिला जवळ करतात ते हेच प्रयोगाचे प्राणी.

आता थोडं शास्त्र. चेहरा लावल्यावर काही दिवस सगळं सुरळीत चालतं, मग त्वचा काळवंडते, गाठी येतात, मांस मरतं. चित्रपट हे स्थिरचित्रांच्या मालिकेतून दाखवतो, त्यावर डॉक्टरांचा कोरडा आवाज. हे वैद्यकीयदृष्ट्या खरं आहे. शरीर स्वतःची त्वचा स्वीकारतं, परक्याची नाकारतं. स्वतःच्या त्वचेचा उपाय आपल्याकडे जुना. टिपूच्या सैन्याने नाक कापलेल्या कावसजी नावाच्या गाडीवानाला पुण्याजवळ कपाळाची कातडी वळवून नवं नाक बसवल्याची हकिगत लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझीन'मध्ये १७९४ साली सचित्र छापून आली. ते नाक टिकलं, कारण कातडी त्याचीच होती. बोस्टनमध्ये १९५४ साली मूत्रपिंडाचं यशस्वी रोपण झालं तेही एकसारख्या जुळ्या भावांमध्ये. परक्या अवयवाला शरीरात टिकवणारी परिणामकारक औषधं त्यानंतर आली. फ्रान्समध्येच, आमिएं इथे, नोव्हेंबर २००५ मध्ये जगातलं पहिलं अंशतः चेहरारोपण झालं.

म्हणजे जेनेसिएंचं स्वप्न अशक्य नव्हतं. आमिएंच्या डॉक्टरांनी ते साधलं, पण मेंदू मृत झालेल्या दात्याकडून आणि नातेवाइकांच्या संमतीने. जेनेसिए आणि त्यांच्यातला खरा फरक कौशल्याचा नाही, परवानगीचा आहे. जेनेसिए कुणालाच विचारत नाहीत. पळवून आणलेल्या मुलींना नाही, कुत्र्यांना तर नाहीच, आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे स्वतःच्या मुलीलाही नाही. तिला मरण हवं आहे, त्यांना यश हवं आहे. अखेर स्कालपेल तीच उचलते, कैदेतल्या मुलीला सोडते, कुत्र्यांचे पिंजरे उघडते. कुत्री डॉक्टरांचा चेहरा फाडतात.

अमेरिकेत १९६२ मध्ये हा चित्रपट इंग्रजी आवाज चढवून, 'द हॉरर चेंबर ऑफ डॉक्टर फॉस्टस' असं भडक नाव देऊन लावला गेला. शस्त्रक्रियेच्या दृश्याला कात्री लागलीच, पण दवाखान्यातल्या लहान मुलाला डॉक्टर मायेने तपासतात तो भागही गेला. वितरकांना साधा राक्षस हवा होता. मूळ रूपात तो तिथल्या चित्रपटगृहांत पोचायला २००३ साल उजाडलं.

तो लहान मुलाचा प्रसंग काढला की चित्रपटाचा प्राणच जातो. जेनेसिए त्या पोराशी खोटं वागत नाहीत. ते खरोखर चांगले डॉक्टर आहेत, खरोखर बाप आहेत, आणि खरोखर खुनी आहेत. भयपटांच्या इतिहासात सर्जनचं याहून प्रामाणिक आणि याहून भयंकर चित्र मला दुसरं सापडलेलं नाही. पाहायचा असेल तर मूळ फ्रेंच आवृत्तीच पाहा, इंग्रजी आवाजातली नको.

(पुढील भागात : चेहऱ्यावरून न निघणारा मुखवटा. कानेतो शिंदोचा जपानी चित्रपट 'ओनिबाबा', १९६४.)