उभ्या गाडीचे ओझे

आपल्या शाळेच्या फाटकापासून ओसरीपर्यंत जाणारी डांबरी वाट तुम्ही रोज तुडविता. तिच्या डाव्या अंगाला दोन लांबट खळगे आहेत. पावसाळ्यात त्यांत पाणी साचते आणि तुम्ही त्यावरून उड्या मारता. ते खळगे कसे पडले याची हकीकत सांगणे माझे कर्तव्य आहे. कारण त्या अपराधात माझा वाटा मोठा आहे.

पालकांनी वर्गणी जमवून मे महिन्याच्या सुटीत ही वाट बांधून घेतली. चौथ्याच दिवशी कुंपणाच्या भिंतीसाठी चिरे घेऊन एक मालट्रक आला. चालक म्हणाला, "मास्तर, वाट नवी दिसते, गाडी बाहेरच ठेवतो." मी म्हणालो, "नको रे बाबा, रस्ता अडेल, आत घे." मजूर न आल्यामुळे तो भरलेला ट्रक दोन दिवस भर उन्हात तेथेच उभा राहिला. तो हलला तेव्हा चाकांखाली बोटभर खोल खाचा उमटल्या होत्या. जुलैपर्यंत त्यांतील खडी सुटली आणि एके दिवशी पाचवीतील एक मुलगी तेथे पडून तिचा गुडघा फुटला. तेव्हापासून मी या विषयाचा अभ्यास केला.

डांबरी वाट म्हणजे खडी, वाळू आणि डांबर यांचे मिश्रण. पूर्वी डांबर दगडी कोळशापासून काढीत. आज रस्त्यावर वापरतात ते खनिज तेल शुद्ध करताना शेवटी उरणारा चिकट गाळ होय. सुमारे दीडशे अंश सेल्सिअस तापमानाला हे मिश्रण पसरून त्यावर रूळ फिरवितात. थंड झाल्यावर ते दगडासारखे कठीण दिसते. पण दिसते तसे ते नसते.

डांबर हा घन आणि द्रव यांच्या सीमेवरचा पदार्थ आहे. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड विद्यापीठात थॉमस पार्नेल या प्राध्यापकांनी 1927 मध्ये एक प्रयोग मांडला. डांबराच्याच जातीचा 'पिच' नावाचा पदार्थ त्यांनी तापवून काचेच्या नरसाळ्यात ओतला आणि 1930 मध्ये नरसाळ्याचे तोंड उघडले. हातोडीने ठोकला तर ज्याच्या ठिकऱ्या उडतात, तोच पदार्थ हळूहळू गळू लागला. पार्नेल 1948 मध्ये निवर्तले. तोवर दोनच थेंब पडले होते. नववा थेंब 2014 मध्ये सुटला. चौऱ्याऐंशी वर्षांत नऊ थेंब!

या प्रयोगात आपल्या वाटेचे रहस्य आहे. भार क्षणभर पडला तर डांबर घन पदार्थाप्रमाणे वागते आणि पुन्हा पूर्वस्थितीला येते. तोच भार तासन्‌तास राहिला तर ते द्रवाप्रमाणे सरकते आणि सरकलेले परत येत नाही. म्हणून धावत्या गाडीपेक्षा उभी गाडी अधिक घातक. शहरांत बस थांबतात तेथे रस्ता दबून लाटा उठतात, तेही याच कारणाने. पुष्कळ ठिकाणी तेवढा भाग काँक्रीटचा करतात.

दुसरे कारण उष्णता. रस्त्यासाठी वापरले जाणारे डांबर सुमारे पन्नास अंशांवर मऊ पडू लागते, आणि आपल्याकडे वैशाखातल्या दुपारी काळा पृष्ठभाग साठ अंशांपर्यंत तापू शकतो. त्यातही नवे डांबर अधिक मऊ. हवेतील प्राणवायूशी संयोग होऊन ते महिन्या-महिन्याने टणक होत जाते.

तिसरे कारण दाब. दाब म्हणजे वजन भागिले क्षेत्रफळ. पन्नास किलो वजनाचा मुलगा दोन्ही पावलांवर उभा राहिला आणि पावलांनी तीनशे चौरस सेंटिमीटर जागा व्यापली, तर प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर किलोचा सहावा हिस्साच येतो. मोटारीच्या चाकाखाली हा दाब दोन-अडीच किलो असतो, तर भरलेल्या ट्रकच्या चाकाखाली सात-आठ किलो. आणि दुचाकीला क्षुद्र समजू नका. तिच्या तिरक्या स्टँडवर वीस किलो भार आला आणि त्याचे टोक पाच चौरस सेंटिमीटरचे असले, तर दाब चार किलो झाला. म्हणजे मोटारीहूनही अधिक!

खाच पडली की पुढचे काम पाणी करते. आपल्या गोमंतकातला पाऊस तुम्हांला ठाऊकच आहे. साचलेले पाणी खडी आणि डांबर यांच्यामध्ये शिरून त्यांची पकड सोडविते, खालचा मुरूम भिजवून मऊ करते आणि खाचेचा खड्डा होतो.

यावर उपाय सोपे आहेत. नवी वाट निदान तीन दिवस सर्व वाहनांना बंद ठेवावी आणि उन्हाळ्यात दोन-तीन आठवडे जड वाहन मुळीच आत घेऊ नये. त्यानंतरही काही महिने हलकी गाडी रोज एकाच जागी लावू नये. दुचाकीच्या स्टँडखाली फळीचा तुकडा ठेवावा. भार पसरला की दाब कमी होतो. उभ्या गाडीचे चाक जागच्या जागी वळवू नये, त्याने पृष्ठभाग ओरबाडला जातो. कडेला आधार नसतो, म्हणून चाक कडेवर आणू नये. तेल सांडले तर लगेच वाळू टाकून पुसावे, कारण पेट्रोल व डिझेल डांबराला विरघळवितात. पाण्याचा टँकर शक्यतो बाहेरच थांबवावा. दहा हजार लिटर पाण्याचेच वजन दहा टन होते. जड गाड्या नित्य थांबणार असतील, तर तेवढी जागा आरंभीच काँक्रीटची करावी.

यंदा वाटेची दुरुस्ती व्हायची आहे. ती झाल्यावर फाटकाशी दोरी बांधली जाईल. ती कोणी सोडू नये, अगदी मास्तरांनी सांगितले तरीही. त्या चालकाला शास्त्र ठाऊक नव्हते, पण अनुभव होता. मला पदवी होती, पण मी त्याचे ऐकले नाही. जाणत्याचे म्हणणे, मग तो कोणीही असो, ऐकून घ्यावे, हा धडा मी त्या दोन खाचांपासून शिकलो.