भोवळ कशाने आली? पाहणाऱ्याने सांगावे, डॉक्टरांनी शोधावे



काशीगावच्या वाडीत भाजी खुडताना असो की भाईंदरकडे मिठागरावर, धडधाकट माणूस एकाएकी कोसळतो आणि दोन मिनिटांत उठून बसतो. कुणी म्हणतं पित्त, कुणी म्हणतं बाहेरची बाधा. दवाखान्यात पोचेपर्यंत नाडी, रक्तदाब सगळं ठीक! मग कारण कळायचं कसं? बहुतेक वेळा ते पाहणाऱ्याच्या सांगण्यातूनच कळते. म्हणून एवढे नीट पाहा :

१) पडण्याआधी : उन्हात बराच वेळ उभे राहून, रक्त पाहून किंवा दुखण्याने घाम सुटला, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर ती बहुधा साधी भोवळ. बसल्याचे उठताना आली, तर अंगातले पाणी कमी झाले असेल, रक्त कमी असेल किंवा रक्तदाबाच्या गोळीचा परिणाम असेल.

२) पडल्यावर : अंग किती वेळ झटके देत होते? साध्या भोवळीतही क्षणभर झटके येतात. पण झटके मिनिटभर चालले, जीभ कडेला चावली गेली आणि नंतर बराच वेळ माणूस गोंधळलेला राहिला, तर ती आकडी असू शकते.

३) औषधे : मधुमेहाची गोळी घेऊन उपाशी होता का? फवारणी केली होती का? तोंडाला लाळ, बाहुल्या बारीक, तर विषबाधा समजावी.

हे धोक्याचे : ओझे उचलताना किंवा धावताना शुद्ध जाणे, आधी छातीत धडधड, घरात कुणाचा तरुणपणी अचानक मृत्यू. इथे दोष हृदयाचा असू शकतो. पाळी चुकलेल्या बाईला पोटात दुखून भोवळ आली किंवा शौचास काळे झाले, तरीही थांबू नका.

डॉक्टरांकडे : हृदयाचा आलेख (ईसीजी) प्रत्येकाचा काढावा. रक्तदाब आडवे असताना, मग उभे राहून १ व ३ मिनिटांनी मोजतात. वरचा आकडा २० किंवा अधिक उतरला, तर कारण सापडले म्हणावे. ठोके अधूनमधून चुकत असतील, तर २४ तास आलेख घेणारे यंत्र लावतात. घेत असलेल्या सगळ्या गोळ्या सोबत न्या.

तोवर काय करावे? आडवे निजवा, पाय उंच करा. कांदा, चप्पल नाकाला लावू नका. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नका. श्वास चालू असेल पण शुद्ध लगेच आली नाही, तर कुशीवर वळवा. श्वास नसेल, तर छाती जोरात दाबत राहा. १०८ ला फोन करा. ही रुग्णवाहिका महाराष्ट्रात २०१४ पासून आहे.

लक्षात ठेवा : 'आता बरं वाटतंय' म्हणजे कारण गेले असे नाही.