घसारा सुरक्षिततेचाही होतो

कारखान्यातील यंत्राची किंमत वर्षागणिक घटत जाते आणि ती घट ताळेबंदात दाखवावी लागते, हे वाणिज्य शाखेच्या पहिल्या वर्षातील विद्यार्थ्यालाही ठाऊक असते. घरातील वस्तूंच्या बाबतीत मात्र हा हिशेब आपण क्वचितच मांडतो. विकत घेतलेली वस्तू बंद पडेपर्यंत वापरायची, हा आपला रिवाज. पंखा वा दिवा बंद पडला की तत्क्षणी कळते, त्यामुळे या रिवाजाने फारसे बिघडत नाही. परंतु धूर किंवा विषारी वायू यांची सूचना देणाऱ्या यंत्रांना तो लागू करणे धोक्याचे आहे. संकट नसताना गप्प राहणे हेच त्यांचे काम, आणि निकामी झाल्यावरही ती बहुधा गप्पच राहतात. ती जिवंत आहेत की नाहीत, हे मुद्दाम तपासल्याखेरीज कळत नाही.

परदेशातील अनुभव

अमेरिकेत १९७० नंतरच्या दशकात बॅटरीवर चालणारे स्वस्त धूरसूचक घरोघरी पोहोचले. तरीही तेथील राष्ट्रीय अग्निसंरक्षण संघटनेने २०१४ ते २०१८ या काळातील निवासी आगींचा अभ्यास केला, तेव्हा ४१ टक्के मृत्यू धूरसूचक नसलेल्या ठिकाणी, तर १६ टक्के मृत्यू धूरसूचक असूनही तो न वाजलेल्या ठिकाणी झाल्याचे आढळले. न वाजण्याचे एक प्रमुख कारण अगदी साधे होते: बॅटरी संपलेली किंवा काढून ठेवलेली. स्वयंपाकाच्या धुराने यंत्र वारंवार कोकलू लागले की वैतागून बॅटरी काढायची, आणि ती परत बसवायचे राहून जायचे.

बॅटरी बदलली तरी यंत्र अमर होत नाही. काही धूरसूचकांत अमेरिशियम या किरणोत्सारी धातूचा सूक्ष्म कण असतो. त्याचे अर्धायुष्य सुमारे ४३२ वर्षांचे. पण भोवतीच्या कक्षात धूळ साचते, विद्युत्‌मंडळ जुने होते. म्हणून उत्पादनाच्या तारखेपासून दहा वर्षांनी यंत्र बदलावे, अशी शिफारस आहे. ही तारीख यंत्राच्या पाठीवर छापलेली असते. कार्बन मोनॉक्साइड ओळखणाऱ्या यंत्रातील रासायनिक घट तर साधारण पाच ते दहा वर्षांत क्षीण होतो. दरमहा चाचणीची कळ दाबणे आवश्यकच आहे. तथापि तिने भोंगा आणि वीजपुरवठा यांची खात्री पटते, या घटाच्या क्षमतेची नव्हे.

या वायूला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशेहून अधिक पट जोराने चिकटतो. झोपलेल्या माणसाला जाग येण्यापूर्वीच त्याची शुद्ध हरपू शकते. इंग्लंडमध्ये २०१५ च्या नियमांनी घरमालकांवर ही यंत्रे बसविण्याची सक्ती केली. १ ऑक्टोबर २०२२ पासून, भाडेकरूने कळविताच नादुरुस्त यंत्र दुरुस्त करण्याची किंवा बदलण्याची जबाबदारीही त्यांच्यावर टाकली. केवळ बसविण्याची सक्ती पुरेशी नाही, हे ध्यानात यायला तेथेही सात वर्षे लागली.

आपल्याकडील प्रश्न

आपल्या शहरांत हा प्रश्न दोन वाटांनी आला आहे. बंद न्हाणीघरातील गॅस गीझर हाच विषारी वायू निर्माण करतो. तेथे मोकळी हवा आणि धूर बाहेर नेणारी नळी यांना पर्याय नाही, सूचक यंत्र ही दुसरी फळी होय. दुसरी वाट उंच इमारतींची. महाराष्ट्राच्या २००६ च्या आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियमानुसार, इमारतीतील अग्निसुरक्षेची साधने सुस्थितीत असल्याचे परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र दर जानेवारी आणि जुलैमध्ये सादर करावे लागते. कायद्याने देखभालीचे महत्त्व ओळखले आहे. पण प्रमाणपत्र हे तपासणीचे फलित न राहता तपासणीचा पर्याय बनले, तर कागद सुरक्षित राहील, रहिवासी नव्हे.

येथे प्रश्न केवळ आळसाचा नाही. एका सदनिकेतील आगीची झळ शेजाऱ्यांना बसते, पण यंत्र बदलण्याचा खर्च एकाच्याच खिशातून जातो. अशा वेळी वैयक्तिक हिशेब अपुरा पडतो आणि सामुदायिक तरतूद अपरिहार्य ठरते. ती करण्याचे साधन सहकारी गृहनिर्माण संस्थांपाशी आहे. आदर्श उपविधींनुसार सदनिकेच्या बांधकाम खर्चाच्या किमान पाऊण टक्का रक्कम दरवर्षी दुरुस्ती व देखभाल निधीसाठी जमा व्हावयास हवी. प्रत्येक यंत्राच्या उत्पादनाची व बदलण्याची तारीख एका नोंदवहीत लिहावी. सामायिक यंत्रांच्या किमतीचा, दहा वर्षांचे आयुष्य धरल्यास, दहावा हिस्सा या निधीतून दरवर्षी बाजूला काढावा, आणि सदनिकांतील यंत्रांची खरेदी सभासदांसाठी एकत्रितपणे करावी. त्या दोन महिन्यांत एखाद्या सभासदाने परवानाधारक तपासनिसासोबत प्रत्यक्ष फिरावे.

वार्षिक सभेत जिन्याच्या रंगावर तासभर वाद रंगतो. त्यातील पाच मिनिटे या नोंदवहीच्या वाचनाला दिली, तर कोणत्या मजल्यावरचे यंत्र कालबाह्य झाले आहे, हे आग लागण्यापूर्वी सर्वांना कळेल.