आट्यांची जुनी लेन्स नव्या कॅमेऱ्यावर: फ्लँज अंतराचे गणित

एम४२ लेन्सच्या आट्यांचा व्यास ४२ मिमी, पिच १ मिमी. झेनिट कॅमेऱ्यावरची ५८ मिमीची हेलिऑस ४४-२ याच जातीची. ती डिजिटल कॅमेऱ्यावर चालेल का, हा प्रश्न आट्यांचा नाही. अडॅप्टर बाजारात मिळतात. प्रश्न फ्लँज अंतराचा आहे, म्हणजे लेन्स ज्या कड्यावर टेकते तिथपासून सेन्सरपर्यंतच्या अंतराचा.

एम४२ साठी हे अंतर ४५.४६ मिमी. कॅनन ईएफचे ४४, म्हणून अडॅप्टरला १.४६ मिमी जागा उरते. सोनी ई-माउंटचे १८, तिथे २७.४६ मिमीची नळी लावली की झाले. निकॉन एफचे मात्र ४६.५. लेन्स मुळातच १.०४ मिमी पुढे राहते, अडॅप्टरची जाडी वेगळीच.

जाडी शून्य धरू. रिंग अनंतावर असताना लेन्स जितकी पुढे सरकली, त्याने नाभीय अंतराच्या वर्गाला भागा: ५८ × ५८ ÷ १.०४ ≈ ३२३५ मिमी. म्हणजे पुढच्या नाभीपासून साधारण सव्वातीन मीटरपलीकडे काहीच स्पष्ट येणार नाही. इथे लखनौच्या अलीगंजमध्ये जुन्या हनुमान मंदिरासमोर उभे राहिलात, तर शेजारच्या माणसाचा चेहरा टिपाल. शिखरावरची चंद्रकोर धूसरच येईल. भिंग बसवलेल्या अडॅप्टरने अनंत परत मिळते, पण स्वस्त भिंग प्रतिमेची धार घालवते. त्यापेक्षा मिररलेस बॉडी बरी, असे माझे मत.

काही एम४२ लेन्सना मागे पिन असते (४४-२ ला नाही). ती दाबलेली राहिली नाही, तर रिंग कितीही फिरवा, छिद्र पूर्ण उघडेच. अशा लेन्ससाठी आतून कडा असलेला अडॅप्टर मागा. आणि मेन्यूत लेन्सशिवाय शटर चालण्याची मुभा द्या, नाहीतर बरेच मिररलेस कॅमेरे फोटोच काढत नाहीत.