वारा समोरून आला तर?

(द्वितीय वर्ष कला, भूगोल)

देवपुरातून समुद्र दिसत नाही हे सांगायला भूगोलाची पदवी नको. पांझरेच्या पुलावर उभे राहिले तर उन्हाळ्यात पाणीही धड दिसत नाही. पण नकाशा उघडला की हीच पांझरा मुडावदजवळ तापीला मिळते आणि तापी सुरतेच्या पुढे समुद्राला मिळते. तेव्हा समुद्राशी आमचे नाते अगदीच नाही असे नाही, फक्त ते लांबचे आहे. मी एकोणीस वर्षांची झाले तरी समुद्र पाहिलेला नाही, आणि तरीही शिडाच्या होडीविषयी लिहायला बसले आहे. वाचकांनी हे धाडस पोटात घालावे.

निमित्त घडले ते दिवाळीच्या सुटीत. साक्री तालुक्यातल्या आमच्या गावी मी घरच्यांना ‘तारिणी’ची हकिकत सांगत होते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मीच पहिली, त्यामुळे सुटीत घरी गेले की मला काहीतरी सांगावेच लागते. आप्पा रात्रीची पाण्याची पाळी करून आले होते. (दिवसा वीज नसते तेव्हा कांद्याला रात्रीच पाणी भरावे लागते.) त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि पहिलाच प्रश्न असा विचारला, की मला उत्तर देता आले नाही. ते म्हणाले, “वारा सामनेथीन उना ते?”

‘तारिणी’ ही भारतीय नौदलाची शिडाची नौका आहे. लांबी सुमारे १७ मीटर, म्हणजे आमच्या एस. टी.च्या दीड गाडीइतकी. ती गोव्यात, मांडवीतल्या दिवाडी बेटावर, रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात बांधली गेली आणि फेब्रुवारी २०१७ मध्ये नौदलात आली. त्याच वर्षी १० सप्टेंबरला सहा महिला अधिकारी तिच्यावरून गोव्याहून निघाल्या आणि पृथ्वीला वळसा घालून २१ मे २०१८ रोजी गोव्यालाच परत आल्या. एकूण २५४ दिवस, आणि अंतर सुमारे २१,६०० सागरी मैल.

ह्या आकड्यात एक गंमत आहे. वर्तुळाचे अंश ३६० आणि प्रत्येक अंशाची मिनिटे ६०. गुणाकार केला की २१,६०० येतात. सागरी मैल म्हणजे पृथ्वीच्या पाठीवरचे एक मिनिट, १.८५२ किलोमीटर. म्हणून जो कोणी शिडाने पृथ्वीप्रदक्षिणा केली म्हणतो त्याने निदान एवढे अंतर कापले पाहिजे, सगळी रेखावृत्ते ओलांडली पाहिजेत, विषुववृत्त दोनदा ओलांडले पाहिजे, आणि सुएझ किंवा पनामा कालव्याची जवळची वाट धरता कामा नये. अक्षांश-रेखांश मी शाळेपासून पाठ केले, पण त्यांचा कोणाला असा उपयोग होत असेल हे मनात आले नव्हते.

आता आप्पांचा प्रश्न. आमच्याकडे वाऱ्याचे ज्ञान सगळ्यांना असते, ते खळ्यावरचे. उंच तिपाईवर उभे राहून उफणताना वारा बाजूने हवा, समोरून आला तर भुसा तोंडावर येतो. शिडाची होडीसुद्धा वाऱ्याने मागून ढकलली तरच चालत असेल, असे आप्पांना वाटले, आणि मलाही तसेच वाटत होते. तसे असते तर होडी एकदा गेली की परत आलीच नसती.

कॉलेज उघडल्यावर मी आमच्या सरांना विचारले. त्यांनी खडू खाली ठेवला आणि म्हणाले, टरबुजाची ओली बी दोन बोटांत दाबून पाहा. दोन्ही बोटे आडवी दाबतात, पण बी पुढे उडते. शिडाचे नेमके तसेच आहे. शीड ताणून फुगवले की ते सपाट कापड राहत नाही, त्याला बाक येतो. त्या बाकावरून वारा वाहताना शिडाला बाजूला आणि थोडे पुढे ओढतो. होडीच्या पोटाखाली एक जड उभे पाते असते, त्याला कील म्हणतात. ते पाण्यात आडवे सरकायला तयार नसते. एका बाजूने वारा, दुसऱ्या बाजूने पाणी, आणि मध्ये सापडलेली होडी टरबुजाच्या बीसारखी पुढे निसटते. कीलच्या तळाशी शिशासारखा जड धातू असतो, म्हणून होडी कलली तरी जत्रेतल्या डुलत्या बाहुलीसारखी परत उभी राहते.

तरी अगदी वाऱ्याच्या नाकासमोर तिला जाता येत नाहीच. वाऱ्याशी सुमारे पंचेचाळीस अंशांचा कोन ठेवून ती आधी उजवीकडे तिरपी जाते, मग शीड फिरवून डावीकडे तिरपी, पुन्हा उजवीकडे. चाळीसगावहून कन्नडचा घाट चढणारी गाडी सरळ डोंगरावर चढत नाही, वळणे घेत चढते, तसेच हे. वेळ दुप्पट लागतो, पण माणूस पोहोचतो. आणि सगळ्यांत सुखाचा वारा मागचा नव्हे, तर कुशीवरचा. हे ऐकून आप्पा खूश झाले, कारण त्यांचे खळे खरे ठरले.

हा कुशीवरचा वारा जगात कुठे सहज मिळत असेल तर तो कॅरिबियन समुद्रात. ग्रेनाडा, सेंट व्हिन्सेंट, सेंट लुशिया, मार्टिनिक, डॉमिनिका, ग्वादलूप, अँटिग्वा ही बेटे दक्षिणोत्तर माळेसारखी ओवलेली आहेत, आणि व्यापारी वारे पूर्वेकडून येतात. त्यामुळे माळेतून वर जा की खाली या, वारा बहुधा बाजूनेच. दोन बेटांत बहुतेक ठिकाणी वीस-तीस सागरी मैलांची खाडी असते आणि पुढचे बेट मागच्यावरून दिसते. युरोप-अमेरिकेतले हौशी लोक हिवाळ्यात तिथे लहान शिडाच्या होड्या घेऊन जातात. पाच-सहा होड्या पहाटे बरोबर निघतात आणि संध्याकाळी पुढच्या बेटाच्या पश्चिम अंगाला, डोंगराच्या आडोशाला, शेजारीशेजारी नांगर टाकतात. बहुतेक बेट म्हणजे वेगळा देश, म्हणून पोहोचल्यावर आधी पिवळे निशाण चढवायचे, कागदपत्रे दाखवायची, मग ते उतरवून यजमान देशाचे निशाण लावायचे. जून ते नोव्हेंबर हा तिकडचा वादळांचा काळ. तेव्हा पुष्कळ होड्या दक्षिणेला ग्रेनाडा-त्रिनिदादकडे सरकतात. आपले कोळी नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवतात, तसाच हा प्रकार. वादळ मात्र तिथेही गाठतेच. १ जुलै २०२४ रोजी बेरिल वादळ ग्रेनाडाच्या कारियाकू बेटावरून गेले तेव्हा बेटावरच्या बहुतेक घरांचे नुकसान झाले आणि आश्रयाला आलेल्या पुष्कळ होड्याही उरल्या नाहीत.

आमच्याकडे ही नावे ठाऊक आहेत ती क्रिकेटमुळे. अँटिग्वा म्हणजे रिचर्ड्स, त्रिनिदाद म्हणजे लारा. परंतु त्रिनिदादला आपली माणसे बॅट घेऊन गेली नव्हती. ३० मे १८४५ रोजी ‘फतेल रझाक’ ह्या शिडाच्या जहाजातून सव्वादोनशेच्या आसपास हिंदुस्थानी मजूर करारावर तिथे उतरले. कलकत्त्याहून तीन महिन्यांहून अधिक काळ लागला होता. आज हौशी लोक ज्या वाऱ्यावर सुटी घालवतात तोच वारा त्या जहाजाच्या शिडात होता. एवढे लिहून पुढे जाते, कारण तो वेगळ्या लेखाचा विषय आहे.

तारिणीची वाट असली सोपी नव्हती. ‘गरजणारे चाळीस’ हे शब्द आम्ही परीक्षेत चार गुणांसाठी लिहितो. दक्षिण गोलार्धात चाळीस अंशांच्या खाली वाऱ्याला अडवायला जमीनच जवळजवळ नाही, म्हणून पश्चिमेचा वारा पृथ्वीभोवती गरगर फिरतो आणि लाटा वाढत जातात. शिडाने प्रदक्षिणा करणाऱ्यांना हाच वारा लागतो, त्यामुळे वाटही तीच ठरते. गोव्याहून ऑस्ट्रेलियातले फ्रीमँटल, मग न्यूझीलंडमधले लिटल्टन, मग प्रशांत महासागर ओलांडून दक्षिण अमेरिकेचे टोक केप हॉर्न, फॉकलंडमधले पोर्ट स्टॅनली, आफ्रिकेतले केप टाउन आणि घर. सप्टेंबरात निघायचे कारणही भूगोलातच आहे. केप हॉर्न तिकडच्या उन्हाळ्यात, म्हणजे आपल्या जानेवारीच्या सुमारास, गाठायचे असते. उन्हाळा असूनही प्रशांत महासागरात त्यांना ताशी शंभर किलोमीटरहून जोराचा वारा लागला. लिटल्टन ते पोर्ट स्टॅनली ह्या टप्प्याला एक्केचाळीस दिवस लागले आणि तेवढ्या दिवसांत जमिनीवर पाय नाही. पुढे केप टाउनहून येताना सुकाणूची यंत्रणा बिघडली आणि एप्रिल २०१८ मध्ये मॉरिशसला थांबून ती दुरुस्त करावी लागली. होडीचा वेग तरी किती? वारा चांगला असेल तर तासाला दहा-पंधरा किलोमीटर. जवळजवळ सायकलीचा वेग म्हणा ना!

हे सगळे एकाएकी घडलेले नाही. व्हाइस अॅडमिरल मनोहर आवटी यांनी आग्रह धरला, कमांडर दिलीप दोंदे पुढे आले, दांडेकरांनी ‘म्हादेई’ बांधली, आणि ऑगस्ट २००९ ते मे २०१० मध्ये दोंदे एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे पहिले भारतीय झाले. २०१२-१३ मध्ये अभिलाष टॉमी त्याच म्हादेईवरून एकटे, कुठेही न थांबता फिरून आले. दोंद्यांनीच पुढे तारिणीच्या सहा जणींना शिकवले. त्यांचा पुष्कळसा सराव म्हादेईवर झाला. दोंदे ज्यांच्याकडून शिकले ते इंग्रज दर्यावर्दी रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन १९६८-६९ मध्ये एकट्याने, न थांबता प्रदक्षिणा करणारे जगातले पहिले, आणि त्यांची ‘सुहैली’ ही सागवानी होडी आपल्या मुंबईत कुलाब्याला बांधलेली. हे मला वाचेपर्यंत माहीत नव्हते. पाठ्यपुस्तकात असायला हरकत नव्हती असे वाटते.

आप्पांचा दुसरा प्रश्न होता, “संगे कोण शे?”

मी नावे सांगितली. नायिका लेफ्टनंट कमांडर वर्तिका जोशी, उत्तराखंडच्या. प्रतिभा जामवाल हिमाचलमधल्या कुलूच्या. पायल गुप्ता डेहराडूनच्या. ऐश्वर्या बोड्डपाटी हैदराबादच्या. विजया देवी मणिपूरच्या. पी. स्वाती विशाखापट्टणमच्या. नकाशावर ही गावे बोटाने दाखवताना माझ्याच लक्षात आले, की ह्या सहांपैकी समुद्रकाठची फक्त एक आहे. बाकी पाच जणींचे गाव आमच्या गावासारखेच, समुद्र न दिसणारे.

पाळ्या कशा लावतात हे आप्पांना समजावून सांगावे लागले नाही. होडी रात्री थांबत नाही. समुद्राच्या मध्यावर नांगर तळाला पोचतच नाही. म्हणून कोणीतरी सुकाणूपाशी जागे लागतेच. सहा जणी असल्या तर दोघी-दोघींच्या तीन पाळ्या लावता येतात. दोघीच असल्या तर एक झोपते आणि एक जागते. लेफ्टनंट कमांडर दिलना के. आणि रूपा ए. ह्या दोघीच २ ऑक्टोबर २०२४ रोजी ह्याच तारिणीवरून निघाल्या आणि २९ मे २०२५ रोजी गोव्याला परतल्या, तेव्हा त्या अशाच जागल्या असणार. एकटा माणूस असेल तर त्याला झोप तुकड्यातुकड्यांनीच मिळते. आप्पा म्हणाले, पाणी भरतानाही असेच आहे. झोपलेल्या माणसाला बारे फुटायची भीती नसते, कारण दुसरा जागा आहे हे त्याला माहीत असते. आमच्या पांझरेच्या फड बागायतीत पाटकऱ्याच्या जागरणावर सगळ्या गावाचे पाणी चालत असे, ही गोष्टही त्यांनी तेव्हाच सांगितली. माझ्या टिपणवहीत ती तारिणीच्या पानावरच लिहिलेली आहे.

तिसरा प्रश्न मायचा. ती भाकरी थापता थापता म्हणाली, “त्या पोरीस्ले मायबापनी जाऊ दिधं?”

ह्याचे उत्तर कोणत्याही पुस्तकात नव्हते, आणि तो प्रश्न त्या पोरींविषयी नाही हे आम्हा तिघांनाही कळत होते. आमच्या विभागाची अभ्याससहल ह्या वर्षी कोकणात जायची आहे. चार दिवस, तीन मुक्काम. गेल्या वर्षी भरलेले पैसे मी स्वतःच परत मागून आणले होते, कारण घरून ‘हो’ आले नव्हते. कोणी रागावले नव्हते. नुसते ‘पाहू’ म्हणाले होते, आणि पाहू म्हणजे काय ते आमच्यासारख्या मुलींना ठाऊक असते.

मी मायला एवढेच म्हटले, की सहा जणी होत्या, एकटी कोणीच नव्हती. सप्टेंबर २०२५ मध्ये तर तिन्ही सैन्यदलांच्या दहा महिला अधिकारी ‘त्रिवेणी’ नौकेवरून गेटवे ऑफ इंडियापासून अशाच प्रदक्षिणेला निघाल्या आणि त्यांच्या प्रमुख लेफ्टनंट कर्नल अनुजा वरुडकर आहेत, हेही सांगितले. ‘वरुडकर’ हे नाव ऐकून मायने मान वर केली. आपल्यातले नाव वाटले म्हणून असेल.

आमच्या वर्गातल्या अकरा मुली सहलीला जाणार आहेत. त्यांची नावे, गावे आणि कोणाच्या शेजारी कोण झोपणार ही यादी मी कागदावर लिहून घरी नेली. आप्पांनी ती दोनदा वाचायला लावली. मग संमतिपत्रावर सावकाश सही केली, अक्षर जुळवत, आणि विचारले की परतीची गाडी देवपुरात किती वाजता येते. रात्री अकरा, असे मी म्हणाले. त्या रात्री पाण्याची पाळी काकांना सांगू, ते म्हणाले, मी स्टँडवर येतो.