बॉम्बर सोडून औषधाच्या दुकानात

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या आर्मी एअर फोर्सेसने जवळजवळ १,९३,००० वैमानिक तयार केले. पुस्तके आणि चित्रपट त्यांना १९४५ पर्यंत सोबत करतात आणि तिथेच सोडून देतात. तेव्हा त्यांतल्या कित्येकांनी पंचविशीही ओलांडली नव्हती. पुढे कुणी शेतीवर परतले, कुणी मास्तर झाले, कुणी विम्याच्या धंद्यात गेले. काही जण फार्मसी शिकले आणि लहानशा गावातल्या औषधाच्या दुकानात उभे राहिले. या शेवटच्या मंडळींकडे फारसे कुणाचे लक्ष गेले नाही. मला मात्र त्यांची कहाणी फार महत्त्वाची वाटते. युद्धाने त्यांना दोन गोष्टी शिकवल्या होत्या: प्रत्येक गोष्ट पुन्हा तपासायची आणि शंका आली की बोलायचे. नव्या व्यवसायाने पहिली गोष्ट आनंदाने घेतली, दुसरीवर मात्र अनेक वर्षे बंदी घातली.

तपासण्याची शिस्त एका अपघातातून आली. ३० ऑक्टोबर १९३५ रोजी ओहायोतील डेटनजवळच्या राइट फील्डवर बोइंगचे नवे चार इंजिनांचे विमान उडताच कोसळले. विमान जमिनीवर उभे असताना शेपटीचे हलते भाग वाऱ्याने हलू नयेत म्हणून लावलेला अडसर उड्डाणापूर्वी काढायचा राहून गेला होता. मेजर प्लॉयर हिल हे कसलेले चाचणी वैमानिक होते. ते त्यात गेले, आणि बोइंगचे लेस्ली टॉवरही नंतर दगावले. अनुभव कितीही असला तरी माणूस विसरतो, हे मान्य करून उड्डाणापूर्वी मोठ्याने वाचायची यादी तयार झाली. याच विमानाचे पुढे बी-१७ झाले. विशी-बाविशीतली पोरे तीच यादी वाचत इंग्लंडमधून जर्मनीवर निघत. या मोहिमांत एकट्या आठव्या एअर फोर्सची २६,००० हून अधिक माणसे मेली. १४ ऑक्टोबर १९४३ रोजी श्वाइनफुर्टच्या हल्ल्यात एका दिवसात ६० बी-१७ विमाने गेली, आणि प्रत्येक विमानात साधारण दहा माणसे होती.

पंचवीस हजार फुटांवर थंडी उणे चाळीस अंशांपर्यंत जाई. तिथे डॉक्टर नसे. जखमीला सांभाळायचे ते विमानातल्या सोबत्यांनीच. प्रथमोपचाराच्या पेटीत सल्फाची पूड आणि मॉर्फिनच्या सिरेट असत. सिरेट म्हणजे टूथपेस्टच्या नळीसारखी चिमुकली मऊ नळी, टोकाला सुई. आतले सील टोचून फोडायचे, सुई मांडीत किंवा दंडात खुपसायची आणि नळी दाबून रिकामी करायची. थंडीत आतले औषध गोठे, म्हणून ती अंगाच्या उबेला ठेवावी लागे. रिकामी नळी फेकायची नाही, जखमीच्या कॉलरला टोचून ठेवायची, असा सैन्यातल्या वैद्यकीय मदतनिसांचा रिवाज होता. पुढच्या हातांना एका नजरेत कळे की याला मॉर्फिन मिळाले आहे. दुसरा डोस पडला तर जखमेआधी औषधच जीव घ्यायचे. आधी काय दिले आहे हे कळल्याशिवाय पुढचे द्यायचे नाही, एवढी एकच गोष्ट ती नळी सांगत असे.

२२ जून १९४४ रोजी राष्ट्राध्यक्ष रुझवेल्ट यांनी जीआय बिलावर सही केली. परतलेल्या सैनिकाला शिक्षणासाठी वर्षाला ५०० डॉलरपर्यंत फी आणि वर महिन्याचा भत्ता मिळू लागला. १९४७ मध्ये अमेरिकेतल्या कॉलेजांतले जवळजवळ निम्मे विद्यार्थी माजी सैनिक होते. फार्मसीचा अभ्यासक्रम तेव्हा चार वर्षांचा होता. कृष्णवर्णीय सैनिकांना मात्र हे दार अर्धेच उघडे होते. टस्कीगीच्या प्रशिक्षण तळावर सुमारे हजार कृष्णवर्णीय वैमानिक तयार झाले होते, पण दक्षिणेतली बरीच कॉलेजे त्यांना घेत नसत आणि प्रवासी विमान कंपन्याही नोकरी देत नसत. त्यांना फार्मसीसाठी हॉवर्ड किंवा न्यू ऑर्लिन्सचे झेवियर अशा मोजक्या संस्थांचा आधार होता. ज्यांच्यासाठी हे तरुण लढले, त्यांनीच त्यांना असे वागवले, याचा राग आजही येतो.

कॉलेजात पुन्हा तपासणीचाच धडा मिळाला. बाटलीवरचे लेबल तीनदा वाचायचे: फळीवरून उचलताना, औषध काढताना आणि बाटली परत ठेवताना. गोळ्या ट्रेवर ओतून पातळ पात्याने पाच-पाच करून ओढायच्या. खलबत्ता, मलम घोटायची काचेची पाटी, हाताने कॅप्सूल भरणे हे सगळे ते मन लावून शिकले. ते दुकानात उभे राहीपर्यंत काम मात्र बदलू लागले होते. पेनिसिलिन, स्ट्रेप्टोमायसिन, कॉर्टिझोन ही औषधे कारखान्यातून तयार होऊन येत होती. खलबत्ता हळूहळू शोकेसमध्ये गेला आणि दुकानाचा पुढचा भाग सोडा फाउंटन, सिगारेटी आणि सौंदर्यप्रसाधनांनी भरला.

१९५१ च्या ड्युरॅम-हंफ्री दुरुस्तीने कोणते औषध चिठ्ठीशिवाय द्यायचे नाही, याची रेषा आखली. ती मांडणारे कार्ल ड्युरॅम आणि ह्युबर्ट हंफ्री दोघेही फार्मासिस्ट होते. पण १९५२ मध्ये अमेरिकन फार्मास्युटिकल असोसिएशनच्या आचारसंहितेने सांगितले की चिठ्ठीतल्या औषधाचा परिणाम किंवा घटक यांविषयी फार्मासिस्टने रुग्णाशी बोलायचे नाही, डॉक्टरकडे पाठवायचे. लेबलावर औषधाचे नावही बहुधा नसे. तपासणी केल्याशिवाय इंजिन सुरू न करणारा माणूस आता काउंटरवर निमूट पुडके बांधत होता. मला हा नियम व्यवसायाचा अपमान वाटतो. रुग्णाच्या हाती औषध देणारा शेवटचा माणूसच गप्प राहिला, तर चूक पकडणार कोण?

कोंडी फोडणाऱ्यांत व्हर्जिनियातल्या बेरीव्हिल या छोट्या गावचे यूजीन व्हाइट अग्रणी होते. १९६० मध्ये त्यांनी दुकानातला सोडा फाउंटन आणि इतर माल काढून टाकला आणि डॉक्टरच्या दवाखान्यासारखी शांत, बसून बोलता येईल अशी जागा केली. प्रत्येक कुटुंबाचे एक कार्ड ठेवले. कुणाला कशाची अ‍ॅलर्जी आहे, आधी कोणते औषध चालू आहे, ते किती दिले, हे सगळे त्यावर लिहिले जाई. नवी चिठ्ठी आली की आधी कार्ड पाहायचे. दोन डॉक्टरांनी एकमेकांना नकळत एकच औषध लिहून दिले असेल, तर ते इथे पकडता येई. मॉर्फिनची रिकामी नळी कॉलरला टोचून ठेवणाऱ्या पिढीला हे कार्ड वेगळे समजावून सांगावे लागले नसेल.

आपल्याकडे फार्मसी कायदा १९४८ चा, पण रुग्णाला समजावून सांगणे हे फार्मासिस्टचे काम असल्याचे स्पष्टपणे मांडणारे फार्मसी प्रॅक्टिस नियम यायला २०१५ उजाडले. मेडिकलमध्ये औषध घेताना ‘हे कशाबरोबर घेऊ नको?’ असा प्रश्न किती जण विचारतात आणि काउंटरपलीकडून किती जण सांगतात, हे ज्याने-त्याने आपल्या गल्लीत पाहावे.

अमेरिकेत १९६९ मध्ये आचारसंहिता बदलली. १९९० च्या संघीय कायद्याने सरकारी मदतीवरच्या मेडिकेड रुग्णांसाठी औषधांची नोंद ठेवणे, नवी चिठ्ठी तिच्याशी ताडून पाहणे आणि समजावून सांगण्याची तयारी दाखवणे बंधनकारक केले. तो जानेवारी १९९३ पासून लागू झाला आणि बहुतेक राज्यांनी तोच नियम सर्व रुग्णांना लावला. श्वाइनफुर्टवर गेलेला बावीस वर्षांचा वैमानिक तेव्हा एकाहत्तर-बहात्तर वर्षांचा होता. ज्यांनी तोवर दुकान विकून टाकले होते, त्यांना या नियमाखाली एक दिवसही काम करायला मिळाले नाही. ज्यांनी आधीपासूनच नियम मोडून रुग्णांशी बोलायला सुरुवात केली होती, त्यांना कायद्याची गरजच नव्हती.