अद्भुत कादंबरीचे पुनर्वाचन

ज्या वाङ्मयप्रकारास बंगाली व हिंदी भाषांनी ‘उपन्यास’ म्हटले आणि गुजरातीने ‘नवलकथा’ म्हटले, त्यास मराठीने नाव दिले ते एका ग्रंथाचे. बाणभट्टाची ‘कादंबरी’ ही सातव्या शतकातील संस्कृत गद्यकथा. तिच्यात शाप आहेत, जन्मांतरे आहेत, बोलणारा पोपट आहे, आणि प्राण गेल्यावरही न कोमेजणारा देह आहे. आमच्या कादंबरीकारांनी वास्तवाचा कितीही कैवार घेतला, तरी त्यांच्या वाङ्मयप्रकाराच्या नावावर अद्भुताची मोहोर उमटलेलीच असते.

जबलपूर जिल्ह्यातील शहपुऱ्यात राहून मराठी वाचणाऱ्यास ही गोष्ट अंमळ अधिक जाणवावी. घरात तो ‘कादंबरी’ म्हणतो आणि दाराबाहेर ‘उपन्यास’. शिवाय बाणाची कथाभूमी त्याच्या शेजारची आहे. कथेचा आरंभ होतो विदिशेच्या शूद्रक राजाच्या सभेत. पोपट आणला जातो तो विंध्याटवीत जन्मलेला. आणि त्या पोपटाचे पूर्ववृत्त उलगडते ते जाबाली ऋषींच्या आश्रमात. जबलपूर हे नाव या जाबालींवरूनच पडले, अशी समजूत या भागात रूढ आहे. व्युत्पत्तिशास्त्र तिला मान्यता देवो वा न देवो, अशी समजूत वाचकास एखाद्या ग्रंथाकडे पुन्हा वळविते, एवढे खरे.

आता या ‘पुन्हा’चाच विचार करावयाचा आहे. लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची ‘मुक्तामाला’ (१८६१) आणि नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ (१८६८) यांपासून मराठीत अद्भुत कादंबऱ्यांची जी परंपरा सुरू झाली, तिच्याविषयी समीक्षेचे मत प्रतिकूलच राहिले. रिसबुडांनी प्रस्तावनेत स्वतःच सांगून टाकले होते की, विवाहादी रूढींमुळे आपल्या लोकांच्या आयुष्यात चटकदार असे काही घडत नाही, म्हणून अद्भुताचा आश्रय करणे भाग पडते. पुढे हरिभाऊ आपट्यांनी त्याच रूढींमध्ये केवढे नाट्य भरलेले आहे हे दाखवून दिल्यावर अद्भुत कादंबरीची रवानगी बाळपणीच्या वाचनात झाली. या निकालाच्या मुळाशी एक न उच्चारलेले गृहीत आहे. अद्भुताचा प्राण आश्चर्यात. आश्चर्य एकदाच वाटते. तेव्हा असा ग्रंथ एका वाचनातच संपतो. हे खरे असेल, तर त्याच कादंबऱ्या पुनःपुन्हा उघडणारे वाचक नेमके काय मिळवीत असतात?

बाणाचाच ग्रंथ पाहावा. प्रथम वाचताना शूद्रक हा केवळ श्रोता वाटतो. एक चांडाळकन्या पोपट घेऊन येते, पोपट बोलू लागतो, राजा कुतूहलाने ऐकतो. बाणाच्या मागे त्याच्या पुत्राने पुऱ्या केलेल्या उत्तरार्धात शेवटी उलगडते की, हा राजा म्हणजेच कथेचा नायक चंद्रापीड, पोपट म्हणजे पुंडरीक, आणि ती चांडाळकन्या म्हणजे पुत्रासाठी वेष पालटून आलेली लक्ष्मी. हे ठाऊक असलेला वाचक जेव्हा पहिल्या पानाकडे परततो, तेव्हा तेथील एकही शब्द पालटलेला नसतो आणि सभा मात्र निराळी झालेली असते. राजा अनोळखी कथा ऐकत बसला आहे आणि ती त्याची स्वतःची आहे, हे त्यास ठाऊक नाही, आपणांस आहे. पोपट हाती घेतलेल्या स्त्रीचे मौनही आता मातेचे मौन होते. हा आनंद प्रथमवाचकास कोणत्याही उपायाने मिळावयाचा नाही.

येथे कुतूहल आणि विस्मय यांत भेद केला पाहिजे. पुढे काय होणार, ही उत्कंठा म्हणजे कुतूहल. उत्तर मिळताच ते शमते. अद्भुतरसाचा स्थायिभाव मात्र विस्मय आहे, कुतूहल नव्हे; आणि शास्त्रकारांनी त्यास स्थायी म्हटले ते उगाच नव्हे. सी. एस. लुईस यांनी १९४७ च्या एका निबंधात जवळपास हेच निराळ्या वाटेने सांगितले आहे: पुनर्वाचकास धक्का नको असतो, धक्कादायकतेचा गुण हवा असतो. कुतूहलाची घाई ओसरल्यावरच तो गुण नीट दिसू लागतो.

याहून खोल जाणारा विचार जबलपुरातच प्रसिद्ध झाला, आणि तो मांडणाऱ्याची मातृभाषा मराठी होती. गजानन माधव मुक्तिबोध (१९१७–१९६४) यांनी काही काळ या शहरात शिक्षकी केली होती. हरिशंकर परसाई यांच्या संपादनाखाली येथून निघणाऱ्या ‘वसुधा’ मासिकात त्यांची साहित्यिक डायरी येत असे. पुढे १९६४ मध्ये ती ग्रंथरूप झाली. तीतील ‘तीसरा क्षण’ या लेखात त्यांनी निर्मितीचे तीन क्षण कल्पिले आहेत. पहिला क्षण जीवनातील उत्कट अनुभवाचा. दुसऱ्या क्षणी तो अनुभव आपल्या दुखऱ्या मुळांपासून सुटतो आणि जणू डोळ्यांसमोर उभी ठाकलेली एक ‘फँटसी’ होतो. तिसऱ्या क्षणी ती फँटसी शब्दरूप होऊ लागते, आणि होता होता पालटतही जाते.

मुक्तिबोधांची दृष्टी लेखकावर होती. पण वाचकाच्या बाजूने पाहिले तर हाच मार्ग उलट चालावा लागतो. प्रथमवाचन शब्दांकडून फँटसीपर्यंत नेते आणि बहुधा तेथेच थांबते, कारण घटनांची गर्दी पुढे जाऊ देत नाही. फँटसीमागे दडलेल्या मूळ दुखऱ्या अनुभवापर्यंत पोहोचावयाचे तर पुन्हा यावे लागते.

अर्थात प्रत्येक ग्रंथ इतका भार सोसत नाही. देवकीनंदन खत्री यांच्या ‘चंद्रकांता’तील तिलिस्म ही कुलुपे आहेत, ती उघडण्यात जो आनंद आहे तो उघडल्यावर पुष्कळसा सरतो, मग उरतात ते ऐयारांचे वेषांतर आणि त्यांची मिश्किली. ‘मंजुघोषा’ आज अभ्यासकाखेरीज कोणी दुसऱ्यांदा वाचील असे मला वाटत नाही. उलट परसाईंची ‘रानी नागफनी की कहानी’. परीक्षेत नापास होऊन आत्महत्येच्या तयारीस लागलेला तीतील राजकुमार पहिल्या वेळी हसवितो, आणि जुन्या किश्शांच्या धाटणीची ती प्रकरण-शीर्षकेही हसवितात. दुसऱ्या वेळी राजवाड्याआडचे कचेऱ्यांचे व नोकऱ्यांचे जग दिसू लागते आणि हसू थोडे आवरते घ्यावे लागते.

मराठीपुरते बोलावयाचे तर नाथमाधवांच्या (१८८२–१९२८) ‘वीरधवल’चे पुनर्वाचन या दृष्टीने व्हावयास हवे. योगायोगांची खैरात, पात्रांचे ठोकळेबाज गुणावगुण, हे दोष दुसऱ्या वाचनात अधिकच टोचतात, आणि ते झाकण्याचे कारण नाही. परंतु तारुण्यात कड्यावरून कोसळून अपंग झालेला हा लेखक अंथरुणाला खिळून कादंबऱ्या लिहीत होता. हे मनात ठेवून तीच साहसे वाचू लागावे. पहिल्या वेळी वाचकास पुढे रेटणारी ती सारी धावपळ, ज्याला खोलीबाहेर पाऊल टाकता येत नव्हते अशा माणसाच्या नजरेतून दिसू लागते.